अंबाडीच्या वाखाचं कंपोझिट : ताकद कुठे हरवते

विदर्भात कपाशीच्या धुऱ्यावर अंबाडी असते, तिच्या वाखाचा, म्हणजे सालीतल्या धाग्यांचा, दोर बैलाला आवरतो. मग याच वाखाची इपॉक्सीतली (घट्ट होणाऱ्या चिकट रेझिनमधली) प्लेट, म्हणजेच कंपोझिट, थोड्या ताणाला का तुटते? प्रोजेक्टला हा विषय घेणाऱ्यांनी आधी हे ओळखावं : दोष बहुधा वाखात नसतो, वाख आणि रेझिनच्या जोडात असतो. वाखावरचं मेण आणि पेक्टिन हा चिकट घटक रेझिनला धरू देत नाही, वाखातलाच हेमिसेल्युलोज हा घटक हवेतलं पाणी ओढतो.

म्हणून हे काढणारी सोड्याची प्रक्रिया. 100 ग्रॅम वाखाला 2 लिटर पाणी आणि 100 ग्रॅम कॉस्टिक सोडा, म्हणजे 5 टक्के. सोडा थोडाथोडा पाण्यात टाकायचा. सोड्यावर पाणी ओतलं तर उसळून अंगावर येतं. हातमोजे, चष्मा हवेतच. जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) पातेलं नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. प्लास्टिकची बादली घ्या. तीन-चार तास पुरे. जास्त वेळ किंवा जास्त सोडा दिला, तर वाखाला ताकद देणारा सेल्युलोजच कमजोर होतो. मग भरपूर पाण्याने धुवा, 1 टक्का ॲसेटिक ॲसिडमधून काढा, पुन्हा धुवा. शेवटच्या पाण्यात तांबडा लिटमस तांबडाच राहिला पाहिजे.

वाळवण्यात घाई केली की सगळं वाया. आधी सावलीत, मग 80 अंशांच्या ओव्हनमध्ये. दर तासाला वजन करा. लागोपाठची दोन वजनं सारखी आली की लगेच साच्यात घ्या. श्रावणातल्या हवेत उघडा ठेवलेला वाख पुन्हा ओलावा धरतो.

300 × 300 × 3 मिमीच्या प्लेटचं आकारमान 270 घनसेंमी. त्यात 30 टक्के वाख म्हणजे 81 घनसेंमी, घनता घनसेंमीला 1.45 ग्रॅम धरली तर सुमारे 117 ग्रॅम. उरलेल्या जागेत साधारण 217 ग्रॅम रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर. एलवाय 556 (रेझिन) आणि एचवाय 951 (हार्डनर) हे 10:1 वजनाने, काट्यावर मोजूनच. 30 टक्क्यांहून जास्त वाख कोंबला तर हाताच्या कामात रेझिन आत पोचत नाही, कोरडे धागे राहतात आणि ताकद उलट घटते. मे महिन्यात सकाळीच आणि थोडं थोडं मिश्रण करा. दुपारच्या उन्हात ते भांड्यातच तापून घट्ट होतं.

वाख विंचरून एकाच दिशेने लावा. ताण त्याच दिशेने पडेल असे किमान पाच नमुने कापा, एएसटीएम डी 3039 या ताण-चाचणीच्या प्रमाण पद्धतीने तपासा. तुटलेली कड भिंगाखाली धरा. लांब, स्वच्छ धागे बाहेर आलेले आणि शेजारी गोल भोकं दिसली, तर जोड कच्चा आहे. सोडा आणि वाळवण पुन्हा तपासा. धाग्यांना रेझिनचे तुकडे चिकटून असतील, तर जोड धरला आहे.