वाचनालयातलं प्रशिक्षण: ग्रंथपाल म्हणून उभं राहताना

बी.लिब.च्या, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीच्या, वर्गात पुस्तकं विषयवार लावायच्या ड्युई पद्धतीचे वर्गांक पाठ होते, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची १९३१ची पाच सूत्रंही तोंडपाठ होती. तरी "काय करतेस?" असं कुणी विचारलं की "लायब्ररीचा कोर्स" एवढंच सांगायचे. स्वतःला ग्रंथपाल म्हणावंसं वाटू लागलं ते तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक वाचनालयात प्रशिक्षण घेताना.

ड्युईत मराठी कथा आणि कादंबरी दोन्ही ८९१.४६३खाली येतात. या वाचनालयात मात्र दोन्हींची कपाटं वेगळी. मी कारण विचारलं तेव्हा ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "इथे लोक नवीन कादंबरी आली का, असं विचारतात. कथासंग्रह दिला की चाळून परत ठेवतात." ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हे रंगनाथनांचं सूत्र मला त्या कपाटांपुढे नीट कळलं.

पण मला खरं घडवलं दिवाळी अंकांनी. त्यांची नोंद फक्त अंकाचं नाव आणि वर्ष एवढीच. एका निवृत्त शिक्षिकेला जुनी कथा हवी होती. लेखिका आठवत होती, अंक नाही. आम्ही दोघी कितीतरी अंकांच्या अनुक्रमणिका चाळत बसलो आणि कथा सापडली. मग बाईंना विचारून मी लेखसूची करायला घेतली: लेखक, शीर्षक, अंक, वर्ष, पान. लगेच प्रश्न उभे राहिले. टोपणनावाने लिहिणाऱ्यांची नोंद कोणत्या नावाखाली करायची? अनुवादित कथा मूळ लेखकाखाली ठेवायची की अनुवादकाखाली? नियम शिकलेले होते, पण समोरचा वाचक काय म्हणून शोधत येईल हे मलाच ठरवायचं होतं. टोपणनावाखाली मुख्य नोंद आणि खऱ्या नावाखाली, त्या मुख्य नोंदीकडे पाठवणारी, ‘पाहा’ नोंद केली, अनुवाद दोन्हींकडे नोंदवले. हे निर्णय माझे होते आणि त्यांची जबाबदारीही माझीच, ही जाणीव परीक्षेने कधी दिली नव्हती.

म्हणून प्रशिक्षणाची जागा निवडताना वाचकांशी बोलायला मिळेल का, हे आधी पाहा. कॉलेजच्या ग्रंथालयात कोहा किंवा सोल या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर हात बसतो, तेही नोकरीसाठी लागतंच. पण दिवसभर नुसते बारकोडच चिकटवायला दिले, तर रोज थोडा वेळ देवघेवीच्या काउंटरवर बसू द्या, असं स्पष्टपणे मागा. वाचकाने मागितलं आणि देता आलं नाही, ते वहीत टिपून ठेवा. अहवालातही किती पुस्तकं दाखल केली यापेक्षा या नोंदींना जागा द्या.

आणि पैशांचं विचारायला संकोचू नका. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा. मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळतं. त्यातलं पुस्तकांना किती जातं आणि कर्मचाऱ्यांच्या हाती किती पडतं, हे तिथल्या ग्रंथपालांकडूनच समजून घ्या. या कामाची किंमत किती कमी धरली जाते हे कळल्यावर मला राग आला, आणि काम सोडायचं नाही हेही तेव्हाच पक्कं झालं.