शरदात स्थलांतरी शिकारी पक्षी मोजताना या चुका टाळा

पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीतून जाणाऱ्या किटाटिनी डोंगररांगेवर दर शरदात दक्षिणेकडे निघालेले शिकारी पक्षी मोजले जातात. याच रांगेवरील हॉक माउंटन येथे पूर्वी बंदूकधारी शिकारी या पक्ष्यांना शेकड्यांनी मारत असत; पक्षीसंरक्षक रोझली एज यांनी १९३४ साली ती जागा ताब्यात घेऊन शिकार थांबवली आणि त्याच वर्षी गणना सुरू झाली. अलीकडे न्यू जर्सीतील बरीच मराठी मंडळी सप्टेंबरमध्ये दुर्बिणी घेऊन या डोंगरांवर येतात, याचा मला आनंद आहे. परंतु हौसेने मोजायला बसणाऱ्या नवख्यांच्या हातून दरवर्षी त्याच त्या चुका होतात, म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे घिरट्या घालणारा थवा मोजणे. सप्टेंबरच्या मध्यावर ब्रॉड-विंग्ड हॉक हे शिकारी पक्षी उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेत, म्हणजे थर्मलमध्ये, एकत्र गोळा होतात, गोल फिरत उंची गाठतात आणि मग पंख किंचित आखडून पुढच्या थर्मलकडे सरळ घसरत जातात. फिरत असताना ते एकमेकांआड जातात, खालून नवे येऊन मिळतात आणि तोच पक्षी आपल्या नजरेसमोरून चार वेळा जातो. एका दुपारी आमच्या मोजणीच्या ठाण्यावर एका उत्साही तरुणाने असा थवा पाहताच ‘पाचशे’ असा आकडा जाहीर करून तो तक्त्यात लिहूनही टाकला. शेजारच्या अनुभवी बाई मात्र काही न बोलता वाट पाहत राहिल्या आणि पक्षी ओळीने बाहेर पडू लागल्यावर त्यांनी मोजणी यंत्राची कळ दाबायला सुरुवात केली. शेवटचा पक्षी निघून गेला तेव्हा त्यांचा आकडा पाचशेच्या निम्म्यालाही पोहोचला नव्हता. दरम्यान तोच थवा पुढच्या थर्मलवर पुन्हा गोळा झाला आणि त्या तरुणाने तो नवा समजून परत मोजला. मग जो वाद झाला, त्यात आणखी दोन ओळी कोणी न मोजताच डोक्यावरून निघून गेल्या. तो तास तक्त्यात अपुरा राहिला, आणि निसटलेला तास पुन्हा मोजता येत नाही.

माझी सवय अशी आहे की समोरच्या कड्यावरील एखादे वठलेले झाड निवडायचे, त्यावरून आकाशात एक उभी रेषा कल्पायची आणि ती ओलांडणारा पक्षीच मोजायचा. ओळ दाट असेल तर दहा-दहाचे गट करावेत, मात्र यंत्रावरील आकडा पाहण्यासाठी नजर खाली आणू नये. फोटो काढून घरी मोजू म्हणणाऱ्यांच्या चौकटीत निम्मी ओळ मावतच नाही, आणि तेवढ्या वेळात ते आकाश पाहायचे सोडून देतात.

दुसरी चूक ऑक्टोबरची. शार्प-शिन्ड आणि कूपर्स हॉक या सारख्या दिसणाऱ्या दोन शिकारी पक्ष्यांना निव्वळ आकारावरून वेगळे करू नये, कारण शार्प-शिन्डची मादी आपल्या नरापेक्षा बरीच मोठी, जवळजवळ कूपर्सच्या नराएवढी असते आणि एकटा पक्षी आकाशात असताना त्याची तुलना करायला शेजारी काहीच नसते. कूपर्सचे डोके पंखांच्या पुढे स्पष्ट आलेले दिसते आणि शेपटीचे टोक गोलसर असते. शार्प-शिन्डचे डोके आखूड, शेपटीचे टोक बरेचसे सरळ आणि पंखांची फडफड अधिक वेगवान असते. एवढे पाहूनही खात्री झाली नाही तर ‘जात अनिश्चित’ या रकान्यात नोंद करावी. हा रकाना त्यासाठीच आहे, पण नवख्यांना तो कमीपणाचा वाटतो. ठोकून दिलेल्या नावापेक्षा प्रामाणिक ‘अनिश्चित’ मला कितीतरी मोलाचे वाटते.

बाल्ड ईगल हा गरुड दिसल्यावर नुसता ‘एक’ लिहून थांबू नये. पांढऱ्या डोक्याचा प्रौढ की तपकिरी अल्पवयीन, हेही लिहावे. डीडीटी या कीटकनाशकाच्या काळात अल्पवयीन गरुडांचे प्रमाण घटल्याचे हॉक माउंटनच्या नोंदींतून दिसले होते, आणि लेखिका रेचल कार्सन यांनी कीटकनाशकांच्या धोक्यांवरील आपल्या १९६२ सालच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात त्या नोंदींचा आधार घेतला. वयाचा रकाना कोरा राहिला असता, तर तो पुरावाच उरला नसता.

दरीत दिवसभर रेंगाळणारी स्थानिक टर्की व्हल्चर जातीची गिधाडे स्थलांतरात धरू नयेत. स्वच्छ निळ्या आकाशात उंचावरचे पक्षी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून दुर्बीण सावकाश पट्ट्यापट्ट्याने फिरवावी आणि ढग असतील तर त्यांच्या कडांवर अधिक वेळ थांबावे. स्थलांतराला अनुकूल असा वायव्येचा वारा नाही म्हणून दुपारीच उठून जाऊ नये. ज्या तासात एकही पक्षी आला नाही, त्या तासाचे शून्यही वाऱ्याची दिशा, ढग आणि निरीक्षकांची संख्या यांच्यासह लिहावे लागते. तसेच तक्त्यातील तास प्रमाणवेळेचे असतात, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपली घड्याळे एक तास पुढे असतात, म्हणून पहिली नोंद करण्यापूर्वीच तक्त्याच्या डोक्यावर वेळेचा प्रकार लिहून ठेवावा.