उन्हाळ्यात कोरुगेशनचा (खोक्यांचा नालीदार पुठ्ठा चिकटवायचा) गम बनवताय? आधी पाणी बघा

सगळ्यात आधी पाण्याचं टेम्परेचर घ्या, स्टार्चची गोणी नंतर फोडा. जळगावात मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, शेडवरच्या काळ्या टाकीतल्या पाण्यात दुपारी हात ठेववत नाही आणि ऑपरेटर तेच पाणी सरळ मिक्सरला सोडतो, कारण नळ जवळ आहे. माझा रावेरच्या केळीच्या बॉक्सचा अख्खा लॉट ह्याच पाण्यात गेला. गोष्ट अशी आहे भो, की कॉस्टिक सोडा पडला की मक्याचा स्टार्च 60 डिग्रीच्या आसपास फुलायला लागतो, आणि तो फुलायला पाहिजे फ्लूटच्या (मधल्या नालीदार कागदाच्या) टोकावर, लायनर (वरचा सपाट कागद) दाबला जातो तेव्हा. टाकीतच अर्धवट फुलला तर गम घट्ट होतो, मग कोणीतरी वरून पाणी मारतं, पातळ झाला म्हणून खुश, पण स्टार्चचं प्रमाण खाली गेलेलं असतं आणि शीट वाळली की पापडासारखी कडकड करत सुटते. म्हणून मिक्सरच्या खालच्या टाकीचं, म्हणजे कच्चा स्टार्च असतो तिचं, पाणी 35 च्या आसपास ठेवा, सकाळीच भरून सावलीत झाकून ठेवा, नाहीच जमलं तर बर्फाची लादी टाका. थर्मामीटर मिक्सरलाच दोरीने बांधा, खिशात ठेवला की हरवतो.

कॉस्टिकला गॉगल आणि ग्लोव्हज, आणि कॉस्टिक पाण्यात टाकायचा, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही. कॉस्टिक विरघळताना स्वतःच तापतो, ते टेम्परेचरही मोजा. मिक्सरच्या वरच्या टाकीत शिजवलेला स्टार्च खाली कच्च्या स्टार्चमध्ये बारीक धारेने सोडा, घाईत एकदम ओतला की गाठी झाल्याच समजा. बोरॅक्स (टाकणखार) मोजून. अंदाजाने जास्त पडला तर गम रबरासारखा ताणतो. तयार गमचंही टेम्परेचर घ्या, हो, परत!

कागदाचं लोक विसरतात. उन्हाळ्यात रील दाराजवळ पडून सुकते, आणि सुका कागद स्टार्च फुलायच्या आत गममधलं पाणी पिऊन टाकतो, मग फुलायला पाणीच उरत नाही. मॉइश्चर 7-8 टक्के पाहिजे, मीटर नसेल तर निदान रील झाकून आत ठेवा. गम रोल आणि फ्लूट रोलमधला गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) दोन्ही टोकांना बघा, एका बाजूला ढिला असेल तर त्याच बाजूची शीट सुटणार. रोलवर वाळलेला गम खरवडून काढा. स्टीम ट्रॅप (रोल तापवणाऱ्या वाफेचं झालेलं पाणी बाहेर काढतो तो) चालू आहे ना बघा, नाहीतर रोलमध्ये पाणी साचतं आणि रोल थंड पडतो.

व्हिस्कॉसिटी कप (गमचा घट्टपणा मोजायचा भोकाचा कप) दर तासाला, रिकामा व्हायला लागलेले सेकंद वहीत लिहा. रात्रीचा गम आंबूस वास मारत असेल तर फेका, वाचवू नका.

पहिली शीट थंड झाली की हाताने उकला. कागदाचे तंतू फाटले तर ठीक. लायनर साफ सुटला तर त्यावर पातळ केलेलं आयोडीन मारा, स्टार्चच्या जागी निळ्या-काळ्या रेघा दिसतील. रेघा तुटक असतील तर गॅप बघा, सलग असूनही सुटला तर पाणी, कागद नाहीतर रोलची गरमी.

शीट गरम असताना स्लॉटिंगला (खोक्याच्या खाचा कापायला) नेऊ नका. माल कोल्ड स्टोरेजला जाणार असेल तर साधा स्टार्च ओलीत धरत नाही, वॉटर-रेझिस्टंट रेझिन घाला, किती ते पुरवठादाराला विचारा. पुढचं स्टिचिंग, बंडल, गाडी, ते काय तुम्हाला सांगायचं.