मृत्युपत्र अद्ययावत कसे ठेवावे

मृत्युपत्र एकदा झाले की ते लखोट्यात घालून कपाटात ठेवले जाते आणि बहुधा करणाऱ्याच्या पश्चातच बाहेर निघते. मधल्या काळात त्यात लिहिलेले घर विकले गेलेले असते, एखादा लाभार्थी आधीच वारलेला असतो आणि व्यवस्थापक म्हणून, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी, नेमलेले गृहस्थ स्वतःच थकलेले असतात. म्हणून दर तीन ते पाच वर्षांनी, आणि विवाह, घटस्फोट, अपत्यजन्म, मृत्यू, मोठी खरेदी-विक्री किंवा परदेशी स्थलांतर झाल्यास लगेच, ते पुन्हा वाचावे. काही देशांत तर विवाह होताच आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते.

प्रथम मालमत्तेची व कर्जांची आजची यादी करावी आणि ती शेजारी ठेवून मृत्युपत्राचे एकेक कलम तपासावे. ‘अमुक क्रमांकाच्या खात्यातील रक्कम पुतणीला’ असे लिहिले असेल आणि ते खाते बंद करून पैसे दुसरीकडे वळवले असतील, तर पुतणीच्या हाती काहीच न लागण्याची शक्यता असते. असे वळवलेले पैसे कोणाचे, हा प्रश्न अधांतरी राहू नये म्हणून ‘उर्वरित सर्व मालमत्ता’ कोणाला द्यायची, हे सांगणारे कलम आहे ना, हे आवर्जून पाहावे.

त्यानंतर विमा, निवृत्तिवेतन आणि बँक खात्यांवरील नामनिर्देशने, म्हणजे ‘नॉमिनी’ म्हणून दिलेली नावे, तपासावीत. नामनिर्देशित व्यक्ती त्या पैशांची मालक ठरते की केवळ ते स्वीकारणारी, हे त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर अवलंबून असते. मात्र तेथील नाव आणि मृत्युपत्रातील नाव वेगळे असले की वादाला निमित्त मिळतेच.

बदल करायचा झाल्यास मूळ कागदावर खाडाखोड करू नये. किरकोळ दुरुस्तीसाठी पुरवणी, म्हणजे मूळ मृत्युपत्रात बदल करणारा वेगळा कागद, चालते, पण तिच्यावरही मृत्युपत्राप्रमाणेच साक्षीदारांसमोर सही करावी लागते आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला, किंवा त्याच्या जोडीदाराला, साक्षीदार करू नये. दुसऱ्या पुरवणीची वेळ आली, तर माझ्या मते सरळ नवे मृत्युपत्र करावे आणि त्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या रद्द’ असे स्पष्ट लिहावे.

नवी मूळ प्रत कोठे ठेवली आहे, हे व्यवस्थापकाला सांगावे. झेरॉक्स काढण्यासाठी तिच्या पिना मात्र काढू नयेत. पिनांची जादा भोके दिसली की एखादे पान बदलले असावे किंवा सोबतचा कागद गहाळ झाला असावा, अशी शंका घेतली जाऊ शकते.