टेफ कॅनडा: उत्तरं नव्हे, प्रश्न घोका
टेफ कॅनडा ही कॅनडात स्थलांतरासाठी द्यायची फ्रेंच भाषेची परीक्षा. तिच्या तोंडी भागात पहिली पाच मिनिटं प्रश्न तुम्ही विचारायचे असतात. समोर एक जाहिरात ठेवतात, परीक्षक जाहिरातदार होतो. उत्तरं पाठ करून गेलेले नेमके इथेच गडबडतात. रोज एखादी जाहिरात घ्या, भाड्याची खोली, पोहण्याचा वर्ग, काहीही, आणि मोबाइलवर वेळ लावून दहा प्रश्न मोठ्याने विचारा: फी किती, सवलत आहे का, रद्द केल्यास पैसे परत मिळतात का. इथे ‘वू’ म्हणजे फ्रेंचमधलं आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणायचं. पुढच्या दहा मिनिटांत परीक्षक तुमचा मित्र असतो आणि त्याला काहीतरी पटवायचं असतं, तिथे ‘त्यू’, म्हणजे ‘तू’. अहो-जाहो आणि अरे-तुरेची सरमिसळ मला तरी किरकोळ व्याकरणचुकांपेक्षा जास्त खटकते. निकाल दोनच वर्षं चालतो. फार आधी परीक्षा देऊन ठेवू नका.