‘कन्फेस’ या इंग्रजी शब्दाचे मूळ कसे शोधावे

शब्दाच्या मुळाशी जायचे असेल, तर शब्दकोशातील आजचा अर्थ तूर्त बाजूला ठेवावा आणि नोंदीत दिलेली व्युत्पत्ती आधी वाचावी. ‘कन्फेस’ म्हणजे पाप किंवा गुन्हा कबूल करणे, हे आपण जाणतो. परंतु त्याच्या व्युत्पत्तीत पापाचा किंवा गुन्ह्याचा मागमूसही नाही. हा शब्द इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये आला लॅटिनमधून, आणि लॅटिनमधील क्रियापद आहे ‘कॉन्फितेरी’.

पुढे शब्दाची फोड करावी. ‘कॉन’ हा उपसर्ग एरवी ‘सह’ या अर्थाचा असला तरी येथे तो क्रियेला जोर देण्यापुरता आला आहे. ‘फातेरी’ म्हणजे मान्य करणे, आणि त्याचे नाते ‘फारी’ म्हणजे बोलणे या क्रियापदाशी आहे. फोड पडताळण्यासाठी त्याच मुळाचे इतर शब्द पाहावेत. ‘प्रोफेसर’ हा आपली विद्या जाहीरपणे सांगणारा, ‘इन्फन्ट’ म्हणजे ज्याला अजून बोलता येत नाही असे मूल, आणि ‘फेम’ म्हणजे मुळात लोकांच्या तोंडी असलेली चर्चा. संस्कृतातील ‘भण्’ हा धातू याच कुळातला मानला जातो, आणि आपले ‘म्हणणे’ त्या ‘भण्’वरूनच आले आहे.

मूळ हाती आले म्हणजे अर्थ कळला, असे मात्र समजू नये. जुने प्रयोग तपासल्यावाचून अर्थ कसा वळला हे कळत नाही. इंग्लंडचा राजा ‘एडवर्ड द कन्फेसर’ याने १०४२ ते १०६६ या काळात राज्य केले. त्याने कोणता गुन्हा कबूल केला होता, असा प्रश्न हे नाव वाचून पडतो, पण तसे काही नाही. आपली श्रद्धा उघडपणे आचरणारा, परंतु हौतात्म्य न आलेला संत, या अर्थाने चर्च त्याला ‘कन्फेसर’ म्हणते. त्याचा सावत्र काका, हत्या झालेला ‘एडवर्ड द मार्टर’, याच्याहून तो त्यामुळे वेगळा ओळखता येतो. ल्यूथरपंथीयांनी १५३० मध्ये मांडलेले ‘ऑग्सबर्ग कन्फेशन’ हेही श्रद्धेचे निवेदन आहे, पापाचे नव्हे. पापनिवेदनाचा अर्थ जुनाच. पण प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून किमान एकदा धर्मगुरूसमोर पापनिवेदन करावे, असा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या धर्मसभेने, केला, तेव्हा त्याचे वजन वाढले असावे. हाच शब्द पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आला आणि कोंकणीत ‘कुमसार’ झाला.

शेवटी शब्दाचे शेजारी पाहावेत. ‘अपॉलॉजी’ला त्याचा पर्याय समजू नये, कारण तिचे ग्रीक मूळ चक्क बचावाचे भाषण असे आहे. ‘अ‍ॅडमिट’शी होणारी गल्लत अधिक महागात पडते, विशेषतः कायद्याच्या मजकुरात. १८७२ च्या पुरावा कायद्याने ‘अ‍ॅडमिशन’ आणि ‘कन्फेशन’ वेगळे मानले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो भेद कायम आहे. म्हणून भाषांतर करताना पहिल्यासाठी ‘कबुली’ आणि दुसऱ्यासाठी ‘कबुलीजबाब’ वापरावा: ‘त्या रात्री मी दुकानात होतो’ ही कबुली, तर ‘गल्ला मीच फोडला’ हा कबुलीजबाब, आणि तो पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला असेल तर आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही.