संयुक्त गट बसवण्यापूर्वीची तयारी

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतील यंत्रभाग बनवणाऱ्या कारखान्यांत पावसाळ्यात ग्राहकाकडून गंजाची तक्रार आली, की क्वालिटी पॅकिंगला विचारते, पॅकिंग स्टोअरला, स्टोअर खरेदीला. आणि माल परत येतच राहतो. अशा प्रश्नासाठी सर्व विभागांचा संयुक्त गट बसवायचा असेल, तर खरे काम पहिल्या बैठकीआधीचे असते.

सर्वप्रथम समस्या एका वाक्यात लिहावी. कोणता भाग, गंज कोठे, केव्हापासून आणि किती नगांत, एवढेच त्यात असावे. कारण मात्र नसावे. ‘पॅकिंगच्या हलगर्जीपणामुळे’ असे शब्द आले, की पॅकिंगचा माणूस बचावाला लागतो आणि त्याच्याकडची माहिती त्याच्याकडेच राहते. 1987 मध्ये फोर्ड कंपनीने लेखी स्वरूप दिलेल्या 8डी या समस्या सोडवण्याच्या आठ टप्प्यांच्या पद्धतीत गट नेमणे हे समस्येच्या वर्णनाआधी येते. तरीही ही एक ओळ आधी लिहावी असे माझे मत आहे, कारण तिच्यावाचून कोणाला बोलवायचे तेच ठरत नाही.

माणसे पाच ते सात पुरेत. पण केवळ विभागप्रमुखांना बोलावू नये. ज्यांचा हात त्या भागाला लागतो, ती माणसे हवीत: धुलाईच्या टाकीवरचा ऑपरेटर, रात्रपाळीचा पॅकर, मेंटेनन्सचा फिटर. पॅकर कंत्राटी असेल तर कंत्राटदाराशी आधी बोलून घ्यावे, आणि बैठकीच्या वेळेचा त्याचा पगार कापला जाणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगावे. हा मुद्दा राहिला, तर तो येईल खरा, पण बोलणार नाही.

परत आलेले नग न पुसता, जसेच्या तसे टेबलावर मांडावेत. अंगठ्याच्या ठशासारखा डाग दिसला, तर उघड्या हाताचा घाम लागला असावा आणि हातमोज्यांची चौकशी करावी. लाकडी पॅलेटला टेकलेल्या बाजूवरच गंज असेल, तर लाकडातील ओल तपासावी. गंजरोधक तेलाची नोंदवही आणि व्हीसीआय कागदाच्या (गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या वेष्टनाच्या कागदाच्या) खरेदीच्या तारखाही जवळ असाव्यात.

गटाला कोणते निर्णय परस्पर घेता येतील, हे कारखानाप्रमुखाकडून लेखी घ्यावे. दरम्यान गोदामातील तयार माल वेगळा काढून तपासावा, म्हणजे गट विचार करत असताना तोच गंज पुन्हा ग्राहकाच्या दारात जाणार नाही.